घरातल्या अनेक संगणकांचा नॅसवरचा बॅकअप वारंवार थांबतो तेव्हा

घरात तीन-चार संगणक आणि त्या सर्वांच्या बॅकअपसाठी एकच सामाईक नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेले, डिस्क असलेले साठवणुकीचे यंत्र), किंवा राउटरच्या यूएसबी पोर्टला जोडलेली हार्ड डिस्क, अशी व्यवस्था लावणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ती वर्षभर विनाखंड चालू ठेवणे. पहिले काही आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एका लॅपटॉपचा बॅकअप ‘नेटवर्क मार्ग सापडला नाही’ असा शेरा देऊन थांबतो, नॅस आणि राउटर बंद करून पुन्हा चालू केले की तो मार्गी लागतो, आणि आठ-पंधरा दिवसांनी तोच प्रकार त्याच किंवा दुसऱ्याच संगणकावर पुन्हा घडतो.

‘बंद करून चालू करणे’ हा उपाय लागू पडतो, आणि नेमके म्हणूनच मूळ कारण सापडत नाही. नॅस आणि राउटर पुन्हा सुरू झाले की एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात: आयपी पत्ते (नेटवर्कवरचे उपकरणांचे क्रमांक) नव्याने वाटले जातात, जुन्या लॉगिनच्या अर्धवट जोडण्या तुटतात, झोपलेली डिस्क फिरू लागते आणि अडकलेल्या फाइली मोकळ्या होतात. यांपैकी कशामुळे काम झाले हे कळायला काही मार्ग उरत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी बॅकअप थांबेल तेव्हा कशालाही हात लावण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणता संगणक थांबला, किती वाजता थांबला, आणि सुरुवातीलाच थांबला की काही डेटा लिहून झाल्यावर थांबला. सगळे संगणक एकाच वेळी थांबले असतील तर दोष नॅस, राउटर किंवा त्यांच्यामधल्या केबलमध्ये शोधावा. दर वेळी एकच संगणक थांबत असेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये शिरण्याआधी त्या संगणकावरच शोध घ्यावा. सुरुवातीलाच अडणारा बॅकअप बहुधा पत्त्यावर किंवा लॉगिनवर अडतो, तर मध्येच तुटणारा बॅकअप झोप, केबल, वायफाय किंवा डिस्कवरची जागा यांच्याकडे बोट दाखवतो.

सुरुवातीलाच अडणारा बॅकअप

घरातले बहुतेक राउटर प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीपुरता आयपी पत्ता देतात आणि उपकरण चालू असेपर्यंत त्या मुदतीचे नूतनीकरण होत राहते. वीज गेल्यामुळे किंवा दुरुस्तीसाठी नॅस बराच वेळ बंद राहिला, अथवा राउटरच नव्याने सुरू झाला, तर तोच पत्ता एखाद्या फोनला मिळू शकतो आणि नॅसला दुसरा. बॅकअपचे काम लावताना कोणी आकड्यांतला पत्ता टाकला असेल तर ते काम त्या दिवसापासून भलत्याच दारावर थाप मारत राहते. यावर राउटरमध्येच नॅससाठी पत्ता राखून ठेवावा. ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा त्यासारख्या नावाची सोय बहुतेक राउटरमध्ये असते. नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन हाताने पत्ता पक्का करण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक सुरक्षित वाटतो, कारण हाताने दिलेला पत्ता राउटरच्या वाटपाच्या टप्प्यात येत असेल तर एकच पत्ता दोन उपकरणांकडे जाण्याची शक्यता राहते, आणि तो गोंधळ शोधायला आणखी कठीण असतो.

विंडोजमध्ये नेटवर्कच्या यादीत नॅस दिसत नाही म्हणजे तो पोहोचण्याजोगा नाही, असा निष्कर्ष काढू नये. ही यादी पूर्वी एसएमबी १ या, नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या जुन्या प्रोटोकॉलच्या (ठरलेल्या नियमांच्या) आधाराने तयार होत असे, आणि २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये हा प्रोटोकॉल पूर्णपणे किंवा अंशतः बसवलेला नसतो. फाइल एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि त्यापुढे नॅसचे नाव किंवा पत्ता टाकून पाहावे. फोल्डर उघडले तर रस्ता शाबूत आहे. यादी परत दिसावी म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, तो मात्र अजिबात मानू नये. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेला ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर व्हायरस याच प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता, आणि ज्या यंत्रावर सगळ्या घराच्या फाइलींच्या प्रती आहेत त्याच्यासाठी असे दार उघडे ठेवणे परवडणारे नाही. नॅस एसएमबी २ किंवा ३ समजत असेल तर तेच वापरावे, आणि समजतच नसेल तर तो बदलण्याची वेळ झाली आहे असे धरून चालावे.

लॉगिनचा एक प्रश्न असा आहे की तो माहीत नसेल तर माणूस महिनोन्महिने चुकीच्या दिशेने शोधत राहतो. विंडोजच्या एकाच लॉगिनमधून एकाच सर्व्हरला दोन वेगवेगळ्या युजरनेमने जोडता येत नाही. तसा प्रयत्न केला की १२१९ क्रमांकाची एरर येते. समजा, घरातल्या कोणी सकाळी फोटो पाहण्यासाठी नॅसचे सामाईक फोल्डर स्वतःच्या युजरनेमने उघडले आणि दुपारी त्याच संगणकावर बॅकअपचे काम खास बॅकअपसाठी केलेल्या युजरनेमने सुरू झाले, तर विंडोज दुसरी जोडणी नाकारते. ज्या दिवशी कोणी फोटो उघडत नाही त्या दिवशी बॅकअप बिनतक्रार होतो. त्यामुळे बिघाड लहरी वाटतो, पण त्याला पक्का नियम असतो. त्यावर सर्वांत नीट उपाय म्हणजे बॅकअपचे काम संगणकावरच्या वेगळ्या खात्याखाली चालवणे. ते जमत नसेल तर एका जोडणीत नॅसचे नाव आणि दुसरीत त्याचा आयपी पत्ता वापरावा, कारण विंडोज या दोन्हींना वेगवेगळे सर्व्हर समजते.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर बॅकअप अचानक बंद पडला असेल तर नॅसवरचे फोल्डर पासवर्डविना उघडे आहे का, हे आधी पाहावे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो आवृत्तीतही पासवर्डविना, म्हणजे ‘गेस्ट’ म्हणून होणारी जोडणी नाकारली जाते आणि जोडणीवर डिजिटल स्वाक्षरीची सक्ती असते. जुन्या नॅसवर, आणि विशेषतः राउटरला लावलेल्या डिस्कवर, या दोन्ही गोष्टी नसतात. विंडोजची ही सक्ती काढून टाकण्याचे मार्ग आहेत. पण त्याऐवजी नॅसचे फर्मवेअर (त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून प्रत्येक संगणकासाठी पासवर्डसह वेगळा युजर करावा, हे मी आग्रहाने सांगेन.

याच गटातली आणखी एक अडचण ड्राइव्हच्या अक्षराची. नॅसचे फोल्डर ‘झेड’ ड्राइव्ह म्हणून जोडलेले असते, आपल्याला ते समोर दिसत असते, आणि तरीही रात्री चालणारे काम ‘झेड ड्राइव्ह नाही’ असे म्हणते. ते अक्षर फक्त आपल्या लॉगिनपुरते असते. दुसऱ्या खात्याखाली किंवा सिस्टिमच्या नावाने चालणाऱ्या कामाला ते ठाऊकच नसते. तिथे अक्षराऐवजी नॅसच्या नावासह पूर्ण मार्ग द्यावा.

वेळ, झोप आणि वीज

बॅकअप ‘अधूनमधून’ चुकण्यामागे माझ्या मते सर्वाधिक वेळा हेच कारण असते, आणि तपासले मात्र सगळ्यांत शेवटी जाते. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये बॅकअपचे काम उघडून ‘कंडिशन्स’ हे पान पाहावे. संगणक विजेला जोडलेला असेल तरच काम सुरू करावे, ही खूण तिथे आधीपासूनच केलेली असते, आणि तिच्या खालची, बॅटरीवर जाताच काम थांबवावे, ही खूणही केलेली असते. त्याच पानावरची, कामासाठी संगणकाला झोपेतून उठवावे, ही खूण मात्र नसते. शेजारच्या ‘सेटिंग्ज’ पानावर, ठरलेली वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर काम सुरू करावे, असा पर्याय आहे आणि तोही मुळात बंद असतो. या चारही गोष्टी एकत्र वाचल्या की चित्र स्पष्ट होते: रात्री दोन वाजता झाकण मिटलेला किंवा चार्जर न लावलेला लॅपटॉप बॅकअप घेत नाही, सकाळी उठल्यावर राहिलेले काम पूर्ण करत नाही, आणि काम सुरूच न झाल्यामुळे बॅकअपच्या लॉगमध्ये एररची एक ओळही उमटत नाही.

डेस्कटॉपसाठी झोपेतून उठवण्याची खूण करावी आणि पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘वेक टायमर’ला परवानगी आहे याची खात्री करून घ्यावी. लॅपटॉपसाठी मात्र मध्यरात्रीची वेळ ठेवूच नये. तो ज्या वेळी हमखास वापरात असतो अशा वेळी, दर काही तासांनी, थोड्याथोड्या बदलांचा बॅकअप घेणे जास्त भरवशाचे आहे. चुकलेले काम लवकरात लवकर करण्याची खूण मात्र दोन्हींकडे करावी. मॅकवर टाइम मशीन या त्याच्याच बॅकअप प्रोग्रामच्या पर्यायांमध्ये बॅटरीवर असताना बॅकअप घ्यावा की नाही हे वेगळे ठरवता येते. बहुतेक वेळ चार्जरविना वापरल्या जाणाऱ्या मॅकबुकवर ते चालू नसेल तर आठवडाभर बॅकअप न होणे स्वाभाविक आहे.

झोप डिस्कलाही असते. नॅसची डिस्क काही वेळ वापरात नसेल तर फिरणे थांबवते, आणि पुन्हा वेग घेईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात काही प्रोग्राम वाट पाहणे सोडून देतात. दिवसातला पहिला बॅकअप चुकतो आणि लगेच हाताने चालवलेला दुसरा यशस्वी होतो, असे दिसले तर बॅकअपच्या कामाला मिनिटाच्या अंतराने तीन वेळा पुन्हा प्रयत्न करण्याची मुभा द्यावी.

सगळ्या संगणकांना एकच वेळ देणे टाळावे. एकाच डिस्कवर चार संगणक एकाच वेळी लिहू लागले की लिहिणारे शीर्ष सतत जागा बदलत राहते, सगळ्यांचाच वेग कोसळतो आणि त्यातला एखादा मुदत संपल्यामुळे तुटतो. प्रत्येकाच्या वेळेत तासा-दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि पहिला पूर्ण बॅकअप तर एकेका संगणकाचाच, शक्यतो केबल लावून, घ्यावा.

केबल

केबलचा दोष फार फसवा असतो, कारण केबल ‘चालू’ दिसते. गिगाबिट वेगासाठी इथरनेट केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, तर १०० मेगाबिट वेग दोन जोड्यांवर भागतो. एखाद्या जोडीतली एक तार पिनपाशी सैल झाली तर जोडणी तुटत नाही; ती बहुधा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट जातात, १०० मेगाबिटवर सुमारे ११. म्हणजे ५०० जीबीचा पहिला बॅकअप एरवी सव्वा तासात उरकला असता, तो आता साडेबारा तास घेतो, रात्रीत संपत नाही, आणि सकाळी कोणी लॅपटॉप मिटला की अर्धवट तुटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. संगणकाच्या नेटवर्क अडॅप्टरच्या माहितीत जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे १००० ऐवजी १०० दिसले तर आधी केबल बदलावी, मग स्विचचे पोर्ट. नॅस आणि राउटर यांच्यामधल्या केबलचा वेगही असाच पाहावा, कारण तिथला दोष सगळ्याच संगणकांना भोवतो.

एखादा संगणक घरातल्या ‘गेस्ट’ वायफायला जोडलेला असेल तर त्याला नॅस दिसणारच नाही, कारण त्या नेटवर्कवरच्या उपकरणांना घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळे ठेवणे हाच त्याचा उद्देश असतो. दोन वायफाय नावांमध्ये आपोआप अदलाबदल करणाऱ्या लॅपटॉपवर हे हमखास घडते. त्यातून गेस्ट नेटवर्कची नोंद काढून टाकावी.

मध्येच तुटणारा किंवा कधीच न संपणारा बॅकअप

राउटरला लावलेली डिस्क एफएटी ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल लिहिताच येत नाही. फोटो आणि कागदपत्रे व्यवस्थित जातात, पण पूर्ण डिस्कची प्रतिमा (सगळी डिस्क एकाच फाइलमध्ये) किंवा मोठा व्हिडिओ आला की बॅकअप दर वेळी त्याच ठिकाणी थांबतो. डिस्क दुसऱ्या पद्धतीने फॉरमॅट करण्याला पर्याय नाही, आणि त्याआधी तिच्यावरचे सगळे दुसरीकडे हलवावे लागते.

विंडोजमधील रोबोकॉपी ही फाइली कॉपी करण्याची आज्ञा वापरणाऱ्यांसाठी एक इशारा आवश्यक आहे. एखादी फाइल कॉपी झाली नाही तर रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि मुळातल्या सेटिंगमध्ये हे प्रयत्न दहा लाख वेळा होतात. गुणाकार केला तर एका अडलेल्या फाइलसाठी सुमारे ३४७ दिवस. दुसऱ्या प्रोग्रामने उघडून ठेवलेली मेलची एखादी फाइल पुरेशी असते. काम ‘चालू आहे’ असे दिसत राहते आणि त्यापुढच्या फाइलींची पाळी येत नाही. पुनःप्रयत्नांची संख्या दोन-तीनवर आणि थांबण्याची वेळ दहा सेकंदांवर आणावी. मूळ फोल्डरमध्ये नसलेले सर्व काही नॅसवरूनही पुसणारा ‘मिरर’ पर्याय वापरायचा असेल तर नॅसवर स्नॅपशॉट (फोल्डरची त्या त्या वेळची जपून ठेवलेली स्थिती) चालू असल्याशिवाय वापरू नये. चुकून पुसलेली फाइल पुढच्याच फेरीत बॅकअपमधूनही नाहीशी होते.

क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरांकडेही पाहावे. वनड्राइव्ह किंवा आयक्लाउडमधल्या अनेक फाइली संगणकावर फक्त नावापुरत्या असतात, त्यांचा मजकूर इंटरनेटवर असतो. बॅकअपचा प्रोग्राम एकतर त्या वगळतो, किंवा त्या सगळ्या उतरवून घेऊ लागतो, आणि मग संगणकाची डिस्क भरून दोन्ही कामे एकदम थांबतात. ज्या फाइलींचा बॅकअप हवाच आहे त्या ‘या संगणकावर कायम ठेवाव्यात’ असे नेमून द्यावे आणि बाकीचे फोल्डर बॅकअपमधून वगळावे.

जागा संपणे हा सामाईक साठ्याचा खास प्रश्न आहे. टाइम मशीन गेल्या २४ तासांच्या दर तासाच्या, गेल्या महिन्याच्या दररोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती ठेवते, आणि जागा संपली की मगच सर्वांत जुन्या पुसते. म्हणजे मर्यादा घातली नाही तर एक मॅक सगळा नॅस व्यापून बसतो आणि बॅकअप तुटतो तो मात्र शेजारच्या विंडोज संगणकाचा. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र फोल्डर, स्वतंत्र युजर आणि त्या युजरला कोटा (जागेची कमाल मर्यादा), ही रचना पहिल्याच दिवशी करावी. कोटा त्या संगणकाच्या डिस्कच्या दुपटीएवढा असावा. जुन्या प्रती पुसूनही जागा मोकळी होत नसेल तर नॅसचे रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट पाहावेत, कारण पुसलेली फाइल तिथे जागा अडवून बसलेली असते.

वायफायवर चालणारा टाइम मशीनचा बॅकअप लिहिता लिहिता तुटला तर नॅसवरची त्याची प्रतिमा बिघडू शकते, आणि मग ‘नवा बॅकअप तयार करावा लागेल’ असा संदेश येतो. जागा असेल तर नवा पूर्ण होईपर्यंत जुना पुसू नये, त्याचे नाव बदलून बाजूला ठेवावा. बोर्ग किंवा रेस्टिक हे बॅकअप प्रोग्राम वापरणाऱ्यांना अशाच प्रसंगी जुने कुलूप, म्हणजे तुटलेल्या कामाने मागे ठेवलेली ‘काम चालू आहे’ ही खूण, आडवे येते. दुसऱ्या कोणत्याही संगणकाचे काम तिथे चालू नाही हे पाहिल्यावरच ते काढावे.

शेरा ‘यशस्वी’ असूनही

रोबोकॉपीचा निकाल आकड्यात येतो: शून्य म्हणजे कॉपी करण्याजोगे नवे काही नव्हते, १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, आणि ८ किंवा त्याहून मोठा आकडा म्हणजे काहीतरी कॉपी होऊ शकले नाही. टास्क शेड्युलरमध्ये निकाल १ दिसला की अनेकजण बिघाड समजून शोध सुरू करतात, वास्तविक बॅकअप उत्तम झालेला असतो. उलट, बॅच फाइलमध्ये रोबोकॉपीनंतर दुसरी एखादी आज्ञा असेल तर निकाल त्या शेवटच्या आज्ञेचा दिसतो, आणि खराब झालेला बॅकअप शून्य आकड्याआड दडतो. त्यामुळे आकड्यावर विसंबण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नॅसवर जाऊन प्रत्येक संगणकाच्या फोल्डरमधली सर्वांत नवी तारीख आणि एकूण आकार पाहावा. त्याबरोबरच दर महिन्याला एक संगणक निवडून त्याच्या बॅकअपमधली एक फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करावी आणि ती खरोखर उघडून पाहावी. फोटो असेल तर पूर्ण दिसतो का, तक्ता असेल तर आकडे शाबूत आहेत का, इथपर्यंत. नॅस स्वतः ईमेल पाठवू शकत असेल तर डिस्कच्या तब्येतीचे आणि जागेचे इशारे चालू करावेत.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बिघाड ज्या अंतराने येत होता त्याच्या दुप्पट काळ वाट पाहावी. दर दहा दिवसांनी थांबणारा बॅकअप तीन दिवस नीट चालला म्हणून कारण सापडले असे होत नाही.

हे सगळे जुळेपर्यंत, आणि जुळल्यावरही, नॅसवरच्या प्रती ही एकमेव सुटका मानू नये. दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकीवरचे सगळे दुसरीवरही लिहिले जाईल अशा जोडीत, असल्या तरी चुकून पुसलेले फोल्डर दोन्हींवरून एकाच क्षणी जाते, आणि खंडणीखोर व्हायरस लागलेला संगणक ज्या फोल्डरमध्ये लिहू शकतो ते फोल्डर तो व्हायरसही बिघडवू शकतो. बॅकअपच्या युजरचा पासवर्ड रोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये साठवून ठेवू नये, स्नॅपशॉट फक्त नॅसच्या प्रशासकालाच पुसता यावेत अशी व्यवस्था करावी, आणि नॅसची प्रत ठरावीक काळाने बाहेरच्या एका डिस्कवर घेऊन ती डिस्क, काम संपताच, केबल काढून वेगळ्या ठिकाणी ठेवावी.